अतिवृद्धांमधील हिरड्यांचे विकार आणि उपचारांचा वापर : जपानचा अनुभव

प्रस्तावना : वृद्धत्वात दात पडणे हे अटळ मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. वस्तुतः वार्धक्यात दात गमावण्याचे एक प्रमुख कारण वय नसून हिरड्यांचा दीर्घकालीन विकार हे असते. ऐंशी वर्षांवरील व्यक्ती या विकारावरील उपचारांचा वापर कितपत करतात, या प्रश्नाचा विचार जपानच्या संदर्भात करणे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

विकाराचे स्वरूप : दातांवर साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे हिरड्यांना सूज येते. पुढे हिरडी दातापासून सुटून पोकळी निर्माण होते व दाताला आधार देणारे हाड झिजते. ही प्रक्रिया बहुधा वेदनारहित असल्याने रुग्ण दंतवैद्याकडे उशिरा जातो. मधुमेह व हा विकार परस्परांना बळ देतात.

८०-२० मोहीम : ‘वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे किमान २० दात’ हे ध्येय ठेवून जपानचे आरोग्य मंत्रालय व तेथील दंतवैद्यक संघटना यांनी १९८९ मध्ये मोहीम सुरू केली. त्या वेळी हे ध्येय गाठणारे वृद्ध दहा टक्क्यांहूनही कमी होते. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण ५१.२ टक्के आढळले. मात्र या यशातूनच नवी समस्या उद्भवली. जितके दात अधिक टिकले, तितक्या अधिक हिरड्यांची निगा आवश्यक ठरली. परिणामी हिरड्यांत खोल पोकळ्या असणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही वाढले.

वापरातील अडथळे : १९६१ पासून जपानमध्ये सार्वत्रिक आरोग्य विमा आहे व त्यात हिरड्यांच्या उपचारांचाही समावेश होतो. तरीही दंतचिकित्सालयात जाणाऱ्यांचे प्रमाण सत्तरीत सर्वाधिक असते आणि ऐंशीनंतर ते घटते. म्हणजेच येथे अडथळा केवळ पैशाचा नाही. चालण्याची असमर्थता, स्मृतिभ्रंश, सोबतीस कोणी नसणे ही त्याची कारणे होत. त्यातच हातांची पकड सैल झाल्याने घासणे अपुरे पडते आणि अनेक औषधांमुळे तोंड कोरडे राहते. गरज वाढते तेव्हाच वापर कमी होतो, हा यातील विरोधाभास होय.

उपाययोजना : चिकित्सालयापासून १६ किलोमीटरच्या परिसरात दंतवैद्याने घरी अथवा वृद्धाश्रमात जाऊन केलेले उपचार तेथील विम्यात ग्राह्य धरले जातात. अशा सेवेचे महत्त्व दातांपुरते मर्यादित नाही. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित मुखनिगा न मिळालेल्या वृद्धांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर ती मिळालेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. तोंडातील जिवाणू लाळेवाटे फुफ्फुसात उतरतात, हे त्यामागील कारण मानले जाते.

निष्कर्ष : दात टिकविणे हे निम्मेच कार्य होय. उपचार विम्यात उपलब्ध असणे आणि ते अतिवृद्धांपर्यंत पोहोचणे यांतील अंतर जपानसारख्या संपन्न राष्ट्रातही शिल्लक आहे. म्हणून वृद्धाची दंतवैद्याकडे येण्याची वाट न पाहता सेवेने त्याच्या घरी जावे आणि दैनंदिन मुखनिगा हा शुश्रूषेचाच भाग समजला जावा, हे या अनुभवाचे सार आहे.