दाढेचा ठणका थांबला, तरी धोका टळत नाही

दाढ दुखू लागली की घरोघरी काही ठरलेले उपाय सुरू होतात. कोणी लवंग दाताखाली धरतो, कोणी मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करतो, तर कोणी फेणीत भिजवलेला कापूस किडलेल्या दाढेत ठेवतो. त्यानेही भागले नाही, तर फार्मसीतून वेदनाशामक गोळी आणली जाते. चार दिवसांनी ठणका ओसरतो आणि दंतवैद्याकडे जाणे ‘चतुर्थी झाल्यावर बघू’ म्हणून लांबणीवर पडते. दातांच्या जंतुसंसर्गात सर्वाधिक फसवी असते ती हीच ओसरलेली वेदना.

दाताचे सर्वांत बाहेरचे आवरण शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचे बनलेले असते. त्यात संवेदना नसते. म्हणून कीड लागली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. कीड आतल्या थरात उतरली की थंड, गरम किंवा गोड पदार्थाने कळ येऊ लागते. त्याहीपुढे जंतू दाताच्या गाभ्यात पोहोचतात. तिथे नस आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. चारही बाजूंनी कठीण भिंत असल्यामुळे सूज पसरायला जागा उरत नाही. रात्री झोप उडवणारा ठणका त्या कोंडीतून निर्माण होतो. काही दिवसांनी गाभा मरतो आणि वेदना थांबते. रुग्णाला बरे वाटते, पण जंतू मात्र मुळाच्या टोकाशी उतरून हाडात पू साठवू लागलेले असतात.

हा पू वाट शोधतो. कधी हिरडीवर पुळी येऊन तो तोंडात झिरपतो. तेव्हा दुखणे कमी राहते आणि दुर्लक्ष वाढते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीला लागून असल्याने एकाच बाजूचे नाक दुर्गंधीयुक्त वाहू लागते, आणि रुग्ण महिनोन् महिने सर्दीचेच औषध घेत राहतो. क्वचित प्रसंगी चेहऱ्यावरील शिरांवाटे संसर्ग डोळ्यामागे व मेंदूपर्यंत जातो. जंतू रक्तात मिसळून सर्वांगाला विषबाधा झाल्याची अवस्था ओढवू शकते. हृदयाची झडप बदललेल्या व्यक्तीच्या हृदयाच्या आतील अस्तराला त्यामुळे संसर्ग होण्याचा धोका असतो. अशा रुग्णांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ही माहिती आवर्जून द्यावी.

खालच्या जबड्यातील मागच्या दाढांचा संसर्ग विशेष घातक ठरतो. त्यांची मुळे जिभेखालील स्नायूच्या पातळीखाली उतरलेली असतात. तिथला पू थेट हनुवटीखालच्या आणि गळ्याच्या पोकळ्यांत शिरतो. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक होतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली या आजाराचे वर्णन केले. तो आजही ‘लुडविग्ज अँजायना’ या नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्यापूर्वी त्याचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता वेळेवर उपचार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण वाचतात. मात्र श्वास कोंडण्यास कधी कधी काही तासही पुरतात.

ही केवळ जुन्या काळातील गोष्ट नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फेब्रुवारी २००७ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. किडलेल्या दाढेचे जंतू त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचले होते. मेंदूवरील दोन शस्त्रक्रियांनंतरही तो वाचला नाही. दाढ वेळीच काढली असती तर सुमारे ८० डॉलर लागले असते. इस्पितळाचा खर्च मात्र दोन लाख डॉलरच्या वर गेला. या घटनेनंतर तेथे गरीब मुलांच्या दंतोपचारांचा प्रश्न ऐरणीवर आला.

गोव्याने अधिक सावध का व्हावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के आहे. म्हणजे राज्यातील साधारण दर चार प्रौढांमागे एक जण मधुमेही. रक्तातील साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि संसर्ग झपाट्याने पसरतो. उलट संसर्गामुळे साखर आणखी वाढते. साखर अचानक आटोक्याबाहेर गेली, तर त्याचे कारण एखादी किडलेली दाढ किंवा सुजलेली हिरडीही असू शकते. गर्भवती, वृद्ध आणि कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण यांनीही अशीच दक्षता घ्यायला हवी.

गोळी पुरेशी का नाही?

अनेकांचा भरवसा प्रतिजैविकांवर असतो. परंतु औषध रक्तावाटे पोहोचते आणि मेलेल्या गाभ्यात रक्तप्रवाहच उरलेला नसतो. त्यामुळे गोळ्यांनी सूज उतरली तरी जंतूंचे घर तसेच राहते आणि काही आठवड्यांनी सूज परतते. पू बाहेर काढणे, रूट कॅनाल करणे किंवा दात काढणे हाच खरा उपचार. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर औषधाची जोड दिली जाते. मनाने गोळ्या घेतल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. हिरडीवर गोळी दाबून ठेवल्यास तेथील त्वचा भाजते.

वरचा दात काढल्याने दृष्टी जाते, हा समजही निराधार आहे. दाताची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत. सूज असताना दाताला हात लावू नये, या समजुतीपायीही मोलाचे दिवस वाया जातात. दात केव्हा काढायचा हे डॉक्टर ठरवतील, पण साठलेला पू काढण्यासाठी सूज उतरण्याची वाट पाहायची नसते.

ठणका, गालावर सूज किंवा हिरडीवर पुळी दिसल्यास एक-दोन दिवसांत दंतवैद्याला दाखवावे. बांबोळी येथे १९८० पासून शासकीय गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळ कार्यरत आहे. मात्र तोंड उघडेनासे झाले, गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज जड झाला, श्वास घेताना त्रास होऊ लागला, डोळ्याभोवती सूज आली किंवा ताप चढून भ्रम होऊ लागला, तर सकाळपर्यंत थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे इस्पितळ गाठावे. रुग्णाला आडवे झोपवण्याऐवजी बसते ठेवल्यास श्वास घेणे सोपे जाते. इस्पितळात पोहोचताच दाढ कधीपासून दुखत होती आणि मधुमेह आहे की नाही, या दोन गोष्टी डॉक्टरांना प्रथम सांगाव्यात.