दुर्बीण अवकाशात कशासाठी पाठवायची?



आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "एवढा खर्च करून दुर्बीण वर पाठवतात, म्हणजे तिथून तारे जवळ दिसत असतील ना?" प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. आज आपण तिथूनच सुरुवात करू.

हबल दुर्बीण पृथ्वीभोवती फिरते ती साधारण ५०० ते ६०० किलोमीटर उंचीवरून. म्हणजे मुंबई ते नागपूर जेवढं अंतर आहे, त्याहूनही कमी. आता सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा किती लांब आहे? ४.२ प्रकाशवर्षं, म्हणजे जवळजवळ ४० लाख कोटी किलोमीटर. त्यातले ६०० किलोमीटर आपण पुढे गेलो काय आणि न गेलो काय, सारखंच! ताऱ्यांच्या जवळ जाणं हा हेतूच नाही. दुर्बीण वर जाते ती आपल्या डोक्यावरच्या हवेतून बाहेर पडण्यासाठी.

मग हवेचा त्रास काय? दोन प्रकारचा आहे.

पहिला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तारे लुकलुकतात. तारा स्वतः लुकलुकत नसतो. हवेचे गरम-थंड थर सतत हलत असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश थोडा इकडे, थोडा तिकडे वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून पाहिलं की पलीकडची गाडी थरथरताना दिसते ना, तसंच. आपल्याला ते लुकलुकणं सुंदर वाटतं, पण फोटो काढणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला त्यामुळे ठिपक्याऐवजी डाग मिळतो. आता जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींमध्ये आरशाचा आकार सेकंदात शेकडो वेळा बदलून ही थरथर बरीचशी दुरुस्त करता येते. म्हणजे या त्रासावर जमिनीवरही काही इलाज आहे.

दुसऱ्या त्रासावर मात्र जमिनीवर इलाज नाही. आपण ज्याला प्रकाश म्हणतो, तो एका मोठ्या पट्ट्याचा छोटासा तुकडा आहे. या पट्ट्यात गॅमा किरण आहेत, क्ष-किरण आहेत, अतिनील किरण आहेत, मग आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश, त्यापुढे अवरक्त किरण आणि शेवटी रेडिओ लहरी. यातलं बरंचसं हवा खाली येऊच देत नाही. ओझोन अतिनील किरण अडवतो, हवेतली वाफ अवरक्त किरण शोषून घेते, क्ष-किरण तर वरच्या वर संपतात. आपल्या जिवाच्या दृष्टीने ही फारच चांगली गोष्ट आहे! पण आकाश वाचायचं म्हटलं तर पुस्तकाची बरीच पानं चिकटलेली आहेत असं समजा.

रेडिओ लहरी मात्र हवेतूनच काय, ढगांतूनही येतात. म्हणून तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या जमिनीवर उभ्या राहून काम करू शकतात. पण क्ष-किरणांची दुर्बीण खोडदला उभी करून उपयोग नाही, हिमालयात नेऊनही नाही. तिला वरच जावं लागतं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली 'चंद्रा' दुर्बीण १९९९ साली त्यासाठीच अवकाशात पाठवली गेली.

आता दुर्बीण नेमकं करते काय ते बघू. तिचं मुख्य काम मोठं करून दाखवणं हे नाही, तर प्रकाश गोळा करणं हे आहे. पावसात वाटी ठेवली तर थोडं पाणी जमतं, परात ठेवली तर जास्त. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली उघडून उघडून सात मिलिमीटर होते. हबलचा आरसा २.४ मीटरचा. म्हणजे डोळ्यापेक्षा लाखपटीने मोठी परात झाली. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही, दुर्बिणीतला शोधक तासन्‌तास साठवत राहतो. शोधक म्हणजे आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते तशीच, पण कितीतरी अधिक संवेदनशील अशी चकती. ती आलेल्या प्रकाशाचे आकडे करते आणि ते आकडे रेडिओ संदेशातून पृथ्वीवर येतात.

बरं, तासन्‌तास एकाच ठिकाणी पाहायचं तर दुर्बीण स्थिर हवी. वर तर टेकायला काहीच नाही. मग ती वळते कशी? तिच्या पोटात जड चाकं असतात. चाक एका बाजूला फिरवलं की दुर्बीण सावकाश दुसऱ्या बाजूला वळते. हबलचा वळण्याचा वेग किती, तर घड्याळाच्या मिनिटकाट्याएवढा. घाई चालत नाही.

आता या सगळ्याची किंमत काय ते बघा. दुर्बीण हवेच्या बाहेर गेली, म्हणजे आपल्या हाताबाहेरही गेली.

हबल २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून वर गेली. त्याच्या ४४ वर्षं आधी, १९४६ मध्ये, लायमन स्पिट्झर यांनी अशा दुर्बिणीची कल्पना मांडली होती. एवढ्या वर्षांची वाट पाहणं, आणि पहिले फोटो आले ते धूसर! तपास झाला तेव्हा कळलं, की आरशाची कड हवी त्यापेक्षा २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली आहे. २.२ मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. आरसा घासताना ज्या उपकरणाने त्याचा आकार तपासत होते, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. त्यामुळे आरसा अतिशय काळजीपूर्वक घासला गेला, पण चुकीच्या आकारात. आणि खरं दुखणं पुढे आहे. दुसऱ्या साध्या चाचण्यांमध्ये ही चूक दिसत होती. पण ती उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असं आम्हाला वाटतं. दोन मोजमापं जुळत नसतील, तर आपल्याला आवडतं ते खरं मानून पुढे जायचं नसतं.

नशिबाने चूक किती आहे हे नेमकं मोजता आलं. मग तेवढीच उलटी चूक असलेले छोटे आरसे बनवले. आपण चष्मा लावतो तसाच प्रकार. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर जाऊन ते बसवले आणि हबलला स्पष्ट दिसू लागलं.

मग १९९५ साली एक धाडसी गोष्ट झाली. हबलवरचा एकेक तास मिळवण्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ रांगेत असतात. हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांच्या हातात मात्र थोडा वेळ स्वतःच्या अधिकारात द्यायला होता. त्यांनी ठरवलं, की सप्तर्षीजवळचा एक रिकामा दिसणारा तुकडा दहा दिवस पाहत राहायचं. तुकडा केवढा? १०० मीटरवर धरलेल्या टेनिसच्या चेंडूएवढा. काहीच दिसलं नसतं तर? नुकत्याच दुरुस्त झालेल्या दुर्बिणीचे दहा दिवस वाया गेले असते आणि टीका झाली असती ती वेगळीच. पण त्या चिमुकल्या तुकड्यात जवळजवळ ३००० दीर्घिका दिसल्या. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे. रिकामं आकाश रिकामं नव्हतं, आपण पुरेसा वेळ पाहिलं नव्हतं.

यापुढे जायचं तर अडचण अशी, की विश्व प्रसरण पावतंय. फार दुरून येणारा प्रकाश वाटेत ताणला जातो, रबर ताणावं तसा. निघताना तो अतिनील किंवा दृश्य असला तरी इथे पोचेपर्यंत अवरक्त होतो. म्हणून जेम्स वेब दुर्बीण अवरक्त किरणांसाठी बनवली. आता अवरक्त किरण म्हणजे उष्णता. दुर्बीण स्वतःच गरम असेल तर ती स्वतःच्याच उजेडात आंधळी होणार! म्हणून वेबला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर नेलं आणि टेनिस कोर्टाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत ठेवलं. सावलीतल्या बाजूचं तापमान उणे २२० अंश सेल्सिअसच्याही खाली आहे.

तिचा ६.५ मीटरचा आरसा १८ तुकड्यांचा, त्यावर सोन्याचा पातळ मुलामा. एवढा मोठा आरसा रॉकेटात मावत नाही, म्हणून घडी घालून पाठवला. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती निघाली तेव्हा ३४४ जागा अशा होत्या, की त्यातली एक जरी अडली तरी सगळी मोहीम धोक्यात. आणि १५ लाख किलोमीटरवर दुरुस्तीला कोण जाणार? पण छत्री उघडली, आरसा उघडला. २०२४ मध्ये तिच्या निरीक्षणांतून एक दीर्घिका जाहीर झाली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय ३० कोटी वर्षंही नव्हतं. आज ते १३८० कोटी वर्षं आहे. इतक्या लवकर इतकी तेजस्वी दीर्घिका कशी तयार झाली, यावर सध्या शास्त्रज्ञ डोकं खाजवत आहेत.

आता कोणी म्हणेल, हे सगळं मोठ्या देशांचं, मोठ्या आरशांचं. तर आपल्याकडची एक गोष्ट ऐका. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून 'अॅस्ट्रोसॅट' ही वेधशाळा पाठवली. तिच्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा साधारण ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे घरातल्या परातीएवढाच. हबलने पूर्वीच खोलवर पाहिलेल्या आकाशाच्या एका भागाकडे ती ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून अधिक काळ पाहत राहिली. पुण्याच्या आयुका संस्थेतले कनक साहा आणि त्यांचे देशोदेशींचे सहकारी यांनी ती निरीक्षणं बराच काळ तपासली. ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निघालेला अत्यंत तीव्र अतिनील प्रकाश त्यात सापडला. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. छोट्या आरशाला हे जमलं कसं? त्या दुर्बिणीच्या शोधकात नको असलेली खरखर फारच कमी होती. गर्दीत कुजबुज ऐकू येत नाही, शांत खोलीत येते. अगदी तसंच.

शेवटी, नेहमी येणाऱ्या आणखी एका प्रश्नाचं उत्तर देतो. "त्या फोटोंतले रंग खरे असतात का?" शोधक फक्त कमी-जास्त उजेड मोजतो. वेगवेगळ्या गाळण्यांमधून घेतलेल्या कृष्णधवल चित्रांना रंग देऊन ती एकत्र केली जातात. अवरक्त किरणांना आपल्या डोळ्यांपुरता रंगच नाही. तेव्हा लांब तरंगांना लाल, आखूड तरंगांना निळा असा क्रम ठेवून ते आपल्या भाषेत आणतात. म्हणजे रंग हे भाषांतर आहे, पण मागची माहिती खरी.

आणि ही माहिती कुलपात नसते. हबल, वेब, अॅस्ट्रोसॅट यांची निरीक्षणं ठरावीक काळानंतर सगळ्यांसाठी खुली होतात. संगणक आणि चिकाटी असलेला कॉलेजमधला विद्यार्थीसुद्धा ती उतरवून तपासू शकतो. तुमच्यापैकी कोणाला करायचं असेल तर जरूर करा. दोन आकडे जुळले नाहीत तर मात्र सोडून देऊ नका, पुन्हा मोजा.

आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.