सावंतवाडीचा बाजार

परगावी गेलेला मनुष्य घरी परतताना मुलाबाळांसाठी काहीतरी घेऊन येतो, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. परंतु जी वस्तू आपल्या गावच्या दुकानात मिळते, तीच दूरवरून वाहून आणण्यात काय हशील? ज्या गावी जावे, तेथील मातीत पिकणारे आणि तेथील माणसांच्या हातून घडणारे जे असेल, ते पारखून आणावे. ही पारख शिकण्यास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

सावंतवाडी ही पूर्वी एका संस्थानाची राजधानी होती. शहराच्या मध्यभागी १८७४ साली बांधलेला मोती तलाव असून त्याच्या काठी राजवाडा आहे. तेथून जवळच बाजारपेठ आणि चितारआळी लागते.

बाजारात प्रथम नजरेस पडतात ती आमसुले. उन्हाळ्यात रातांबे पिकले, म्हणजे ते फोडून साल व गर वेगळे करतात. गराच्या रसात मीठ घालून त्यात साले भिजवितात आणि उन्हात वाळवितात. हे भिजविणे व वाळविणे पुनःपुन्हा करावे लागते, आणि पाऊस येण्यापूर्वी ते उरकावे लागते. चांगले आमसूल मऊ, काळसर तांबडे आणि चवीला आंबट असते. मीठ जास्त झाले, की वजन वाढते आणि आंबटपणा मात्र कमी भरतो. रातांब्याची बीही वाया जात नाही. तिच्यातून निघणारे घट्ट, पांढरट तेल म्हणजे भिरंडेल. टाचांना भेगा पडल्या असता ते लावतात.

शेजारीच काजूगर असतात. काजूच्या टरफलात अंग भाजणारे तेल असल्याने गर अखंड काढणे हे कौशल्याचे काम होय. म्हणूनच अखंड गराचा भाव तुकड्यांपेक्षा अधिक असतो. चवीत मात्र फरक नसतो. त्यामुळे वाटण किंवा मिठाई करावयाची असल्यास जाणती गृहिणी तुकडेच घेते. मुलांसाठी खाजे घ्यावे. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या कांड्या आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवून ते करतात. कोकणातील कोणतीही जत्रा खाज्यावाचून पुरी होत नाही.

चितारआळीत शिरताच बाजाराचे रूप पालटते. येथे आंबे, केळी, वांगी, मिरच्या टोपल्यांत रचलेल्या दिसतात. पण त्या सर्व लाकडाच्या! या कामासाठी पूर्वीपासून पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरीत आले आहेत. आता इतर लाकडेही वापरतात. लाकूड वाळवून, कापून, तासून, घासून गुळगुळीत करतात आणि मग त्यावर रंग चढवितात. देठाजवळचा हिरवा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळलेला दिसला, तर समजावे की आंबा निवांतपणे रंगविलेला आहे.

परंतु सावंतवाडीचे खरे भूषण म्हणजे गंजिफा. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ मोगलांच्या काळी हिंदुस्थानात रूढ झाला आणि येथे त्याने दशावतारांचे रूप घेतले. दशावतारी गंजिफांत प्रत्येक अवताराची १२ पाने, म्हणून एकूण १२० पाने असतात. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने असतात. तिघे खेळावयास बसले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. पाने वाटोळी असतात. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ देऊन ती तयार करीत आणि वरून लाखेचा लेप चढवीत.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, तेव्हा हा खेळ मागे पडला. खेळणारे उरले नाहीत, म्हणून घेणारे उरले नाहीत. आणि घेणारे उरले नाहीत, म्हणून चिताऱ्यांच्या मुलांनी कुंचला खाली ठेवला. ही कला जाणणारा एखादा वृद्ध कारागीरच काय तो शिल्लक राहिला होता. १९७० च्या सुमारास राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्या वृद्धाकडून ती शिकून घेतली, तरुण कारागिरांना शिकविली आणि राजवाड्यातच तिला आसरा दिला. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकनही मिळाले.

तथापि राजाश्रय आणि मानांकन यांनी कलेचा प्राण वाचतो, पोट मात्र गिऱ्हाईकच भरते. हाताने रंगविलेला संच महाग वाटला, तर त्यातील दोन पाने शेजारी ठेवून पाहावीत. एका पानावरचा मासा दुसऱ्या पानावरच्या माशासारखा तंतोतंत कधीच नसतो; कारण प्रत्येक मासा निराळा काढलेला असतो. अशी १२० पाने रंगविण्यास किती दिवस लागले असतील, याचा हिशोब मनाशी करावा, म्हणजे किमतीचा अर्थ कळतो. संपूर्ण संच घेणे न साधले, तर एक लाकडी आंबा घ्यावा. पण कोणी व कसा घडविला, हे विचारून घ्यावा. विचारणारे गिऱ्हाईक मिळाले, म्हणजे कारागीरही आपले काम अधिक मन लावून करतो, आणि आपल्या मुलाच्या हाती कुंचला देताना कचरत नाही.