नाशिकला उतरायचं कुठे?

नाशिकला येणाऱ्या प्रवाशाने राहायचं कुठे, याचं बहुधा सर्वांत जुनं लेखी उत्तर पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात कोरलेलं आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी दगडात खोदून ठेवली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी निवारे उभारल्याचं तीत नमूद आहे. म्हणजे आजचं भडोच, मंदसोर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि नालासोपारा. दमणगंगा, तापी आणि डहाणूच्या नदीवर फुकट नावा ठेवल्याचंही तो सांगतो. ही इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली गोष्ट. गंमत अशी की गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला, गोदावरीच्या काठी आहे आणि वाइनरीची रिसॉर्ट त्याच्याच शिवारात आणि आसपास उभी आहेत. जागेची निवड उषवदाताची बरोबर होती, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच्या पाहुण्यापुढे मात्र पर्याय एकच होता. आजच्या पाहुण्यापुढे भक्तनिवास, धर्मशाळा, गुरुजींच्या घरावरच्या खोल्या, बसस्थानकासमोरची लॉज, महामार्गालगतची हॉटेलं, द्राक्षमळ्यातली कॉटेज असं सगळं एकाच वेळी उलगडतं. मोबाइलवर ‘नाशिक’ असं शोधलं की ओझरपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत आणि कधी कधी इगतपुरीपर्यंतच्या खोल्या एकाच यादीत येतात. फोटोत सगळ्यांच्या चादरी पांढऱ्याशुभ्रच असतात. अंतरं मात्र फोटोत दिसत नाहीत. नाशिकरोड रेल्वे स्थानकापासून जुनं सीबीएस बसस्थानक नऊ-दहा किलोमीटरवर आहे. तिथून त्र्यंबक तीसच्या आसपास, तर गंगापूर धरण बारा-पंधरा किलोमीटरवर, आणि सप्तशृंगगड साठेक किलोमीटर उत्तरेला. गोव्यात मांद्रे-हरमलला सर्फिंग शिकायला जाणारी मुलं खोली घेताना आधी विचारतात, की पहाटे फळी घेऊन किनाऱ्यावर चालत जाता येईल ना. नाशिकला येणाऱ्यानेही पहिला प्रश्न असाच विचारायला हवा: पहाटे पाच वाजता आपल्याला नेमकं कुठे असायचं आहे? दर, तारे, नाश्ता ही सगळी चौकशी त्यानंतरची.

पहाटे पाचला त्र्यंबकच्या रांगेत उभं राहायचं असेल, तर त्र्यंबकलाच मुक्काम करावा. हे उघड वाटतं, पण बरेच जण नाशिकमध्ये चांगली खोली घेतात आणि शनिवारी-रविवारी सकाळी अर्धा वेळ त्र्यंबक रस्त्यावर घालवतात. त्र्यंबक हे ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं छोटं गाव आहे. २०११च्या जनगणनेत तिथली वस्ती १२ हजारांच्या आसपास होती. मंदिर पेशवाईतलं, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं. त्याच्यापासून चालत पाच मिनिटांवर कुशावर्त हे स्नानाचं कुंड. या दोन जागांच्या भोवती गाव दाटीने वसलेलं आहे, आणि येणारा माणूस गावात मावत नाही, हीच त्र्यंबकची कायमची अडचण.

पूर्वी हा प्रश्न पडायचाच नाही. यजमान थेट आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात उतरायचे. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढायचे आणि त्या नामावळीत पणजोबांच्या हातचा मजकूर सापडायचा. वह्या आजही आहेत आणि अनेक तीर्थपुरोहितांच्या घरी यजमानांसाठी खोल्याही आहेत. ज्यांना नारायण नागबळी करायचा आहे त्यांना ही सोय खरोखरच उपयोगी पडते. हा विधी तीन दिवसांचा. या दिवसांत त्र्यंबकमध्येच राहायचं, कांदा-लसूण वर्ज्य करायचं, पांढरी वस्त्रं नेसायची, अशी प्रथा आहे. पथ्याचं जेवण आणि पहाटेचं स्नान हॉटेलात जमवण्यापेक्षा गुरुजींकडे राहणं सोपं. फक्त एक काळजी घ्यावी. पूजा, साहित्य, खोली आणि जेवण या सगळ्याची एकच ठोक रक्कम सांगितली जाते, तेव्हा कशाचे किती हे सुटं विचारून घ्यावं. त्यात संकोचाचं काही कारण नाही, चांगले गुरुजी स्वतःहूनच सांगतात.

फक्त दर्शनाला आलेल्या कुटुंबाला भक्तनिवास बरं. त्र्यंबकेश्वर देवस्थानचं शिवप्रसाद भक्तनिवास आहे, शेगावच्या गजानन महाराज संस्थानचीही शाखा इथे आहे. शेगावची शिस्त आणि स्वच्छता ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथे वेगळं सांगावं लागत नाही. भक्तनिवासात गादी साधी असते, दार रात्री ठरल्या वेळी बंद होतं, टीव्ही बहुधा नसतो. ज्यांना हे खटकतं त्यांनी तिथे जाऊन व्यवस्थापकाशी वाद घालण्यापेक्षा हॉटेल गाठावं. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. म्हणून गुगलवर पहिल्यांदा दिसलेल्या नंबरावर पैसे पाठवू नयेत. देवस्थानाच्या कार्यालयातून खात्री करूनच पुढे जावं.

आता पावसाचं. नाशिक शहर पावसाच्या सावलीत आहे. त्र्यंबकला त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ब्रह्मगिरी दिवसच्या दिवस ढगात असतो. दृश्य देखणं खरं, पण त्याच ढगांमुळे गच्चीवरच्या सोलरमधून गरम पाणी येत नाही. तेव्हा ‘गरम पाणी आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. गिझर आहे का आणि पाणी किती वाजल्यापासून मिळतं, हेही विचारावं लागतं. सहा वाजता सुरू होणारं पाणी पाचच्या रांगेत जाणाऱ्याच्या काय कामाचं? पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतींना ओल येते, गाद्यांना वास लागतो. वरची, वारा लागणारी खोली मागून घ्यावी. म्हातारं माणूस बरोबर असेल तर मात्र जिना आधी पाहावा, कारण जुन्या इमारतींना लिफ्ट असेलच असं नाही.

त्र्यंबकच्या पंचांगातले काही दिवस असे, की तेव्हा आयत्या वेळी खोली मिळण्याची आशाच सोडावी. श्रावणातले सोमवार, आणि त्यातही तिसरा. त्या सोमवारच्या आदल्या रात्रीपासून लोक ब्रह्मगिरीच्या फेरीला निघतात. छोटी फेरी सुमारे २० किलोमीटरची असते, लोक अनवाणी, भिजत, चिखल तुडवत ती पूर्ण करतात. खासगी गाड्या गावाच्या अलीकडेच अडवल्या जातात आणि पुढे एसटीने जावं लागतं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा जानेवारीच्या कडाक्यात लाखो वारकरी दिंड्यांनी येतात. ते मठांत, राहुट्यांत, गावकऱ्यांच्या ओट्यांवर राहतात. त्यांना खोली लागतच नाही. अडचण होते ती यात्रेची तारीख न पाहता सुट्टी जुळवून आलेल्या पर्यटकाची.

नाशिक शहरातल्या पंचवटीचं गणित वेगळं. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा सगळं चालत्या अंतरावर असल्याने दर्शनाला, दशक्रियेला, अस्थिविसर्जनाला येणाऱ्यांची पहिली पसंती इथल्या धर्मशाळांना असते. गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी आत नेणं हा पश्चात्तापाचा सोपा मार्ग. शिवाय ज्याला पहाटेच्या घंटा आणि काकडआरती म्हणजे झोपमोड वाटते, त्याने काठापासून थोडं दूर राहिलेलं सगळ्यांच्याच हिताचं.

पण पंचवटीतल्या खोलीबद्दल खरा प्रश्न नदीचा आहे. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं नाशिक पूर याच मारुतीवर मोजतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याला परिस्थिती नेमकी कळते. ऑगस्ट २०१९च्या पुरात तर मारुती पार बुडाला. नारोशंकराच्या मंदिरापर्यंत पाणी, सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी, हे नाशिककरांनी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात घाटालगत उतरणाऱ्याने दोन गोष्टी विचाराव्यात: खोली कितव्या मजल्यावर आहे आणि गाडी रात्री कुठे लावायची. घाटाच्या वाहनतळावर गाडी सोडून झोपलेल्यांची सकाळी काय अवस्था होते, याची छायाचित्रं जवळपास दर पुरात वर्तमानपत्रांत येतात.

गंगापूर रस्त्याने पश्चिमेला निघालं की प्रवासाचा हेतूच बदलतो. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं. १९९९मध्ये राजीव सामंत यांनी सुला ही वाइन कंपनी सुरू केली आणि पुढच्या दशकात मुंबई-पुण्याची मंडळी तीर्थयात्रेशिवायही नाशिकला यायला लागली. आज या पट्ट्यात वाइनरीची स्वतःची रिसॉर्ट आहेत, धरणाकाठी पर्यटन महामंडळाचं ग्रेप पार्क आहे, मिसळीची मोठमोठी अंगणं आहेत. राज्याने २०२०मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यानंतर शेतात खोल्या बांधून पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनाही बळ मिळालं. ज्यांना लोळायचं आहे, सूर्यास्त पाहायचा आहे, त्यांनी इकडेच यावं.

पण तारखा बघून. पाऊस सुरू झाल्यावर द्राक्षं खायला येणाऱ्यांची संख्या नाशिककरांना दरवर्षी नव्याने चकित करते. द्राक्षाच्या वेलीची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. घड खाण्याजोगे आणि तोडण्याजोगे होतात ते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. जुलैत मळा हिरवागार दिसतो, घड एकही नसतो. उलट फेब्रुवारीत घड असतात, पण खोलीचे दर चढलेले. या पट्ट्याची दुसरी खूण म्हणजे लॉन्स. लग्नसराईत शेजारच्या लॉन्सवर डीजे लागला तर धरणाकाठची शांतता रात्री दहापर्यंत तरी विसरावी लागते. कायद्याने दहानंतर ध्वनिक्षेपक बंद व्हायला हवा, हे खरं. तरीही खोली ठरवताना ‘त्या तारखेला जवळपास लग्न आहे का’ असं विचारणं अजिबात वेडेपणाचं नाही. स्वतःची गाडी नसेल तर हा भाग आणखी महाग पडतो. महापालिकेची सिटीलिंक बससेवा २०२१पासून आहे आणि ती त्र्यंबकलाही जाते, पण मळ्यातल्या रिसॉर्टच्या दारात ती येत नाही. रिक्षावाले परतीचंही भाडं मागतात आणि त्यांचं अगदी चुकतं असं म्हणता येत नाही.

शहरातल्या हॉटेलांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ठक्कर बाजार-सीबीएस परिसर एसटीने फिरणाऱ्यांना सोयीचा, मुंबई नाका आणि द्वारका स्वतःच्या गाडीने आलेल्यांना. महामार्गाकडे खिडकी असलेली खोली शक्यतो नाकारावी. ज्यांना एकाच मुक्कामातून त्र्यंबक, सप्तशृंगगड, पांडवलेणी सगळं करायचं आहे, त्यांना शहराचा मध्यभागच सोयीचा, मग खोली थोडी सामान्य असली तरी चालेल. पहाटेची गाडी धरायची असेल तर नाशिकरोडलाच राहावं. गाव आणि स्टेशन यांच्यातलं अंतर ही नाशिकची जुनी डोकेदुखी आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे ट्रामसुद्धा चालवून पाहिली होती, सुरुवातीला घोड्यांची. ट्राम गेली, अंतर राहिलं. १९७५पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून मुंबईला निघते, आणि स्टेशनजवळच्या संगमरवरी मुक्तिधाम मंदिराच्या धर्मशाळेत रात्र काढून ती पकडणं, हा अनेक कुटुंबांचा ठरलेला क्रम आहे.

हे सगळं झालं एरवीच्या वर्षांचं. पुढच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात यातले बरेच नियम उलटे होतील. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण आणि २०२७मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबरला अमृतस्नानं (म्हणजे पर्वण्या), असं वेळापत्रक जाहीर झालं आहे. शेवटचं स्नान नाशिकमध्ये ११ला, त्र्यंबकला १२ला. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे कुशावर्तावर स्नान करतात. साधूंच्या मुक्कामाचा प्रश्न तर आधीच पेटला आहे. तपोवनात साधुग्रामासाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५च्या अखेरीस नाशिककरांनी रस्त्यावर उतरून विरोध केला.

सामान्य भाविकाने २००३ आणि २०१५ या दोन सिंहस्थांकडे पाहावं. २७ ऑगस्ट २००३ला पंचवटीतल्या सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला. त्या धास्तीने २०१५च्या पहिल्या पर्वणीला पोलिसांनी इतके अडथळे उभारले, की लोकांना बाहेरच्या वाहनतळांपासून मैलोन्‌मैल चालावं लागलं आणि घाटावर अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी गर्दी झाली. याचा अर्थ असा, की पर्वणीच्या दिवशी घाटापासून पाचशे मीटरवरची महागडी खोलीसुद्धा आदल्या दिवशी सामानासह गाठली नाही, तर ती गाठता येईलच याची खात्री नाही. जो त्या दिवशीच्या स्नानासाठी येणार आहे, त्याने एक दिवस आधी येऊन एक दिवस नंतर निघावं, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना पर्वणीऐवजी अधल्यामधल्या दिवशी आणावं, आणि खोलीचे पैसे भरण्याआधी हॉटेलवाल्याला एवढं नक्की विचारावं: पर्वणीच्या दिवशी तुमच्या दारापर्यंत गाडी येते का, आणि येत नसेल तर आम्हाला कुठून किती चालावं लागेल?