हात न टेकता उठण्यासाठी

प्रवचन संपते, मांगलिक होते आणि सभा उठू लागते. त्या वेळी सभागृहाकडे नीट पाहिले, तर समाजाच्या आरोग्याचा ताळेबंदच समोर मांडलेला दिसतो. कोणी एका हाताने जमीन रेटतो, कोणी शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतो, कोणी आधी गुडघ्यांवर येऊन मग भिंत धरतो. मागील बाजूस मांडलेल्या खुर्च्या वास्तविक वृद्धांसाठी असतात. परंतु पंचेचाळीस-पन्नाशीतील, व्यवसाय भरभराटीस आणलेले गृहस्थही त्यांवर बसलेले दिसतात. त्यांचे वय झालेले नसते. वजन वाढलेले असते आणि ते पेलणारे स्नायू मात्र क्षीण झालेले असतात.

हा प्रश्न सौंदर्याचा नाही. ज्याला आज जमिनीवरून उठताना आधार लागतो, त्याला उद्या जिना अवघड होतो, परवा यात्रेतील पायऱ्या अशक्य होतात आणि पुढे घरातल्या घरात चालण्यासाठीही कोणाची तरी वाट पाहावी लागते. हे परावलंबित्व टाळण्यासाठी महागडी व्यायामशाळा लागत नाही. एक भक्कम खुर्ची, एक भिंत, दोन पाण्याच्या बाटल्या, दोन पिशव्या आणि एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर प्रारंभ होऊ शकतो.

गादीवरचा दिवस

सकाळी दहाच्या सुमारास दुकानाचे शटर वर जाते. त्यानंतर गल्ला, फोन, गिऱ्हाईक, उधारीची यादी आणि जीएसटीचे कागद यांत दिवस सरतो. माल उचलण्यास हमाल असतो, माळ्यावरून थान काढण्यास नोकर असतो, चहा जागेवर येतो. घरी परतताना दुचाकी आणि इमारतीत लिफ्ट. दहा-बारा तासांत मालकाच्या पायांनी खरोखर भार उचलला असे प्रसंग बोटांवर मोजता येतात. घरातील स्त्रियांचे चित्र वेगळे भासते, कारण त्या सतत उभ्या असतात. परंतु ओट्याशी तासन् तास उभे राहण्याने थकवा येतो, शक्ती वाढत नाही.

भारतीय शरीराची एक अडचण याहून खोल आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक-संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात सुमारे २१ टक्के होती. वजनकाटा जे सांगत नाही ते या एका छायाचित्राने सांगितले: भारतीय देहात त्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते. म्हणूनच भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडला, की सावध व्हावे असे वैद्यकशास्त्र सांगते.

जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक स्नायू असतो. हा ग्राहकच दुबळा झाला, तर माल बाजारात पडून राहतो. मधुमेहाची वाट तेथूनच सुरू होते. म्हणून केवळ वजन उतरवणे पुरेसे नाही. स्नायू राखून, किंबहुना वाढवून, चरबी कमी करणे हे खरे उद्दिष्ट होय.

संकल्प का मोडतो?

स्थूल व्यक्तीने व्यायामाचा संकल्प केला नाही असे सहसा घडत नाही. नववर्षाला किंवा डॉक्टरांनी अहवाल पाहून कान उघाडणी केल्यावर संकल्प होतोच. पहिल्या दिवशी उत्साहाने तासभर धावपळ होते, दुसऱ्या दिवशी अंग ठणकते, चौथ्या दिवशी गुडघा सुजतो आणि दहाव्या दिवशी बूट कपाटात जातात. त्यात व्यायामशाळेतील आरसे आणि सभोवतालची सडपातळ तरुण मुले यांमुळे वाटणारा संकोच निराळाच. दोष इच्छाशक्तीचा नसतो. भांडवल दहा हजारांचे आणि सौदा दहा लाखांचा केला, तर पेढी बुडणारच. शरीराच्या बाबतीतही पहिला सौदा ऐपतीतच असावा लागतो.

येथे ‘सर्किट ट्रेनिंग’ ही पद्धत उपयोगी पडते. १९५३ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. ॲडमसन यांनी ती विकसित केली. काही सोपे व्यायाम वर्तुळात मांडावयाचे, एक संपताच पुढच्याकडे जावयाचे, आणि असे चक्र पूर्ण करावयाचे, हे तिचे स्वरूप. एका खोलीत कमी-अधिक शक्तीची अनेक माणसे एकाच वेळी व्यायाम करू शकतील, कारण प्रत्येकाची मात्रा त्याच्या स्वतःच्या क्षमतेवरून ठरेल, हा त्या पद्धतीचा गाभा. प्रत्येकाची कमाल आवर्तने आधी मोजावयाची आणि सरावात त्यांच्या निम्मीच करावयाची, असा मूळ दंडक होता. तुलना शेजाऱ्याशी नाही, कालच्या स्वतःशी.

दुसरा लाभ क्रमाचा आहे. पायांचा व्यायाम झाला की हातांचा येतो. हात काम करीत असताना पाय विसावतात, मात्र हृदयाची गती उतरत नाही. त्यामुळे थोड्या वेळात स्नायूंची शक्ती आणि दम या दोहोंना चालना मिळते, आणि कोणत्याही एका सांध्यावर सलग ताण येत नाही.

सहा थांब्यांची फेरी

प्रारंभी पाच मिनिटे घरातल्या घरात सावकाश चालावे, खांदे व घोटे फिरवावेत. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर ३० सेकंद व्यायाम आणि ३० सेकंद विसावा.

पहिला थांबा खुर्चीचा. भिंतीला टेकवलेल्या, चाके नसलेल्या खुर्चीच्या कडेशी बसावे, पाय जमिनीवर घट्ट ठेवावेत, शरीर किंचित पुढे झुकवून उभे राहावे आणि धप्पकन न बसता हळूहळू खाली यावे. जमत नसल्यास खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी किंवा हातांचा थोडा आधार घ्यावा.

दुसरा थांबा भिंतीचा. हातभर अंतरावर उभे राहून तळहात भिंतीवर टेकवावेत आणि उभ्या उभ्याच दंड काढावेत. जमिनीवरच्या दंडात शरीराचा मोठा भार हातांवर येतो. भिंतीवर तो सोसण्याजोगा राहतो. पुढे भिंतीऐवजी ओट्याची कड धरता येते.

तिसरा थांबा जागच्या जागी चालण्याचा. उडी नाही, धावणे नाही. गुडघे सोसवेल तितके उचलावेत आणि हात हलते ठेवावेत.

चौथ्या थांब्यावर पाठीचा व्यायाम. एक लिटर पाण्याची बाटली भरली की जवळपास एक किलो वजन हाती येते. कमरेतून किंचित वाकून, पाठ सरळ ठेवून, दोन्ही हातांतील बाटल्या कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढाव्यात. दिवसभर वहीवर आणि मोबाइलवर झुकलेल्या खांद्यांना हा उतारा आहे.

पाचवा थांबा टाचांचा. ओटा धरून टाचा उचलाव्यात, क्षणभर थांबून सावकाश टेकवाव्यात. बैठ्या जीवनात पोटऱ्या विसरल्या जातात, आणि चालताना तोल सांभाळण्याचे मोठे काम त्यांच्याकडेच असते.

सहावा थांबा पिशव्यांचा. दोन्ही हातांत तांदळाची दोन-दोन किलोंची पिशवी घेऊन ताठ चालावे. पकड, खांदे, पोट आणि पाय एकदमच कामाला लागतात. आयुष्यभर इतरांकडून माल उचलवून घेतलेल्या गृहस्थांना या थांब्यावर थोडे हसूही येईल.

सहा थांबे म्हणजे सहा मिनिटे. पहिले दोन आठवडे केवळ एकच फेरी, तीही एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. ‘एवढेच?’ असे वाटले तरी वाढवू नये. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या, सहाव्यापासून तीन, आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांचा विसावा. तीन फेऱ्यांना २२ मिनिटे लागतात. आरंभीची पाच आणि शेवटची सावकाश चालण्याची तीन मिनिटे धरून अर्धा तास. उरलेल्या चार दिवशी वीस-वीस मिनिटे चालले, की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे आणि स्नायूंच्या व्यायामाचे किमान दोन दिवस, दोन्ही हिशेब जुळतात.

तीव्रता मोजण्यास यंत्र नको. व्यायाम चालू असताना छोटी वाक्ये बोलता यावीत, परंतु गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही तुटू लागले, तर वेग कमी करावा. जोर लावताना श्वास बाहेर सोडावा. श्वास कोंडल्याने रक्तदाब एकाएकी चढतो.

घर, आहार आणि नियम

मूळ पद्धतीचा गाभा कुटुंबाला फार सोयीचा आहे. त्याच दिवाणखान्यात आजी उशी ठेवलेल्या खुर्चीवर सहा वेळा उठतील, सासरे दहा वेळा, सून पंधरा वेळा आणि नातू सर्वांना घड्याळ वाचून दाखवील. सर्वांची ३० सेकंद सारखी, मात्रा वेगळी. एकट्याने केलेला व्यायाम सुटतो. घराचा झालेला नियम सहसा सुटत नाही.

वेळ मात्र घरातील व्रतनियम पाहून ठरवावी. नवकारशी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे सरून पाणी घेतल्यावरच फेरी करावी. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्री दुकानावरून आल्यावर घाम गाळू नये, कारण त्यानंतर पाणी घेता येत नाही. त्यांच्यासाठी सकाळ उत्तम. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा एक लाभ असा, की सकाळी पोट हलके असते. उपवासाच्या दिवशी फेरी नको, आणि पारण्यानंतर एका फेरीनेच पुन्हा सुरुवात करावी.

व्यायामाने एकट्याने वजन झपाट्याने उतरत नाही, हेही स्पष्ट असावे. सहा मिनिटांची फेरी फरसाणाच्या एका वाटीची भरपाई करू शकत नाही. सकाळच्या चहा-खाकऱ्याच्या जागी मुगाचे धिरडे, जेवणात डाळीची किंवा हरभऱ्याच्या उसळीची भरली वाटी, दुधाचा नियमित वापर, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक चहातील साखर निम्मी, एवढा बदलही मोलाचा आहे. स्नायू घडण्यासाठी प्रथिने लागतात, आणि शाकाहारी ताटात ती ठरवून वाढावी लागतात.

आधी वैद्यकीय सल्ला कोणी घ्यावा?

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, सुजलेला गुडघा किंवा दीर्घकाळचा मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रारंभ करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी उपाशीपोटी फेरी करू नये आणि जवळ खडीसाखर ठेवावी. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, चक्कर किंवा असह्य धाप जाणवताच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक असून ते दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यातील तीक्ष्ण वेदना मात्र स्वाभाविक नव्हे.

दोन ओळींची वही

व्यापारी घराला नोंदीचे महत्त्व सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी दोनच आकडे लिहावेत: कमरेचा घेर, आणि हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता आले ती संख्या. महिन्यातून एकदा तेच पुन्हा मोजावे. पहिल्या काही आठवड्यांत वजनकाटा बहुधा हलणार नाही आणि तेथेच अनेकांचा धीर सुटतो. दुसरा आकडा मात्र लवकर हलतो. सात उठाबशांच्या दहा होतात, दहाच्या तेरा. काट्याने नाकारलेली कमाई या वहीत जमा दिसते.

आणि एखाद्या दिवशी प्रवचन संपते, सभा उठू लागते, आणि मागच्या खुर्चीऐवजी सतरंजीवर बसलेला एक गृहस्थ हात न टेकता सरळ उभा राहतो. कोणाचे लक्षही जात नाही. त्याला स्वतःला मात्र ते ठाऊक असते.