विंचवाचं बिऱ्हाड, चार चाकांवर

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग-शेगडी बसवायची आणि उजनीच्या काठावर रोहित पक्षी बघत मुक्काम ठोकायचा, हे स्वप्न हॉस्टेलच्या निम्म्या खोल्यांत पडतं. करमाळा तालुक्यातली कुगाव, चिखलठाण, केत्तूर ही गावं या पाण्याला लागूनच आहेत. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर. पण सुताराला बोलावण्याआधी थोडं गणित करूया.

पहिलं गणित कायद्याचं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : आरसी बुकातला कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. राहत्या गाडीसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. 2021 मध्ये आपल्या राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आणलं. म्हणजे दार उघडं आहे, पण ते आरटीओतून जातं. मंजुरी नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

दुसरं वजनाचं. 18 मिलीमीटर प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट साधारण 30 किलोच्या पुढे जाते. अशा दहा लावल्या की तीनशे किलो फर्निचरच! त्यात 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो. म्हणून 12 मिलीमीटर प्लाय किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा बरा. पाण्याची टाकी आणि बॅटरी खाली, अॅक्सलच्या जवळ आणि डावी-उजवी बाजू तोलून. जड सामान टपावर चढवलं की गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी वळणावर झोकांडी खाते. साधे नट खडखडाटाने सैल होतात, नायलॉक वापरा.

तिसरं विजेचं. पंखा 25 वॅट, दहा तास : 250 वॅट-तास. छोटा फ्रिज अंदाजे 500, दिवे 50, लॅपटॉप-मोबाईल 100. बेरीज 900. बारा व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 1800 असतात, पण लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. म्हणजे एक दिवस भागला! दुसऱ्या दिवसासाठी टपावर 300 वॅटचं सोलर पॅनेल हवं. आता तुम्ही म्हणाल, सोलापूरचा उन्हाळा, एसी लावू. 1200 वॅटचा एसी तेवढ्याच बॅटरीवर पाऊण तास चालेल. त्यापेक्षा पत्र्याला आतून इन्सुलेशन आणि बाभळीची सावली स्वस्त.

चौथं जिवाचं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर गॅस जमिनीलगत साचतो, म्हणून एक झरोका खाली पाहिजेच. आणि खिडक्या लावून, शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला कळतच नाही. अग्निशामक दाराजवळ ठेवा, पलंगाखाली नको.

शेवटचं गणित काठाचं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघडी पडलेली जमीन सपाट मैदानासारखी दिसते. वरची पपडी वाळलेली, खाली गाळ. चाक रुतलं की गावातला ट्रॅक्टरच बोलवावा लागेल. शिवाय तिथे लोक गाळपेर करतात, म्हणजे तुमचं पार्किंग कुणाचं तरी पीक असू शकतं. तेव्हा विचारून, पक्क्या जागेवर थांबा. जलाशयाचं पाणी पिऊ नका, पुणे-पिंपरीचं सांडपाणी याच खोऱ्यात येतं. आपलंही सांडपाणी टाकीत साठवा, काठावर सोडू नका.

आणि एक. या भागात दर हंगामात ऊसतोड मजूर अख्खा संसार बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून येतात. चूल, पीठ, पाण्याचं भांडं, पांघरूण, बस्स. आपल्याला हौस आहे, त्यांचा तो नाइलाज आहे. पण डिझाइन करताना यादीतलं काय खरंच लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? कागदावर यादी करा, वजन मांडा, निम्मं खोडा. उरेल ते गाडीत बसेल.