१८७६ ते ६१७४

दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले आणि १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. त्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक १९२७मध्ये फर्ग्युसन कॉलेजात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळालं. पुढे देवळालीला शाळामास्तर असताना याच कापरेकरांना १९४९मध्ये ६१७४ची गंमत सापडली.

रँग्लरांचं जन्मसालच घ्या. १८७६चे अंक उतरते लावले की ८७६१, चढते लावले की १६७८. वजाबाकी ७०८३. पुन्हा तसंच : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, उत्तर ६१७४च.

‘इतक्या संख्यांवर करून पाहिलं, म्हणजे सिद्धच झालं,’ असं पुष्कळांना वाटतं. इथे ते चालतं, कारण चार अंकी संख्या मोजक्याच. चारही अंक सारखे असलेल्या सोडल्या, तर प्रत्येक संख्या जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत ६१७४ला पोचते. चिकाटी असेल तर हे वहीतही तपासून संपतं. आता कोलाट्झचा खेळ बघा. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. ७ ही संख्या १६ पायऱ्यांत १वर येते. २७ मात्र वाटेत ९२३२पर्यंत चढते आणि एकूण १११ पायऱ्यांनी १वर येते. २च्या ६८व्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्या संगणकाने तपासल्या, सगळ्या १वर आल्या. तरीही सिद्धता नाही, कारण संख्या संपतच नाहीत.

मग उद्याचा मोठा संगणक सांगेल? दिलेला कोणताही प्रोग्राम थांबेल की चालतच राहील, हे दर वेळी बिनचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञ ट्युरिंगने १९३६मध्ये सिद्ध केलं. वेग आणि मेमरी वाढवून यात फरक पडत नाही. कॉनवेने १९७२मध्ये दाखवलं, की कोलाट्झच्या धर्तीच्या सगळ्या नियमांचा निकाल लावणारी एकच रीतही नाही. एकट्या कोलाट्झचा निकाल मात्र उद्या लागूही शकतो. हा फरक नेहमी विसरला जातो.

मला सर्वांत खुपतो तो गैरसमज तर्कशास्त्रज्ञ गोडेलबद्दलचा : त्याने म्हणे गणितच डळमळीत केलं. १९३१मध्ये त्याने दाखवलं ते असं : बेरीज आणि गुणाकार मावतील, परस्परविरोध नसेल आणि यंत्रालाही तपासता येईल अशी गृहीतकांची कोणतीही यादी करा, तिच्यातून सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही असं विधान उरतंच. दोन आणि दोन चारच राहतात. गुणाकार वगळून नुसती बेरीज ठेवली, तर प्रत्येक विधानाचा निकाल लावणारी रीत आहे, हे प्रेसबर्गरने १९२९मध्येच दाखवलं होतं.

‘सिद्ध होत नाही’ म्हणजे ‘कधीच कळणार नाही’, असंही नाही. गुडस्टीनचा संख्यामालिकांचा सिद्धांत पेआनोच्या, म्हणजे अंकगणिताच्या नेहमीच्या, गृहीतकांतून सिद्ध होऊच शकत नाही, हे कर्बी आणि पॅरिस यांनी १९८२मध्ये दाखवलं. त्या गृहीतकांच्या पलीकडची साधनं वापरून गुडस्टीनने तो १९४४मध्येच सिद्ध केला होता.